ओसरीवरून माजघरात

१९२९च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या वेस्ट ऑरेंज या गावी ४९ मुलगे जमले. तेव्हाच्या ४८ राज्यांतून प्रत्येकी एक आणि राजधानीच्या जिल्ह्यातून एक. त्यांना बोलावणारे यजमान होते ८२ वर्षांचे, जवळजवळ बहिरे झालेले थॉमस एडिसन, आणि जागा होती त्यांची स्वतःची प्रयोगशाळा. मुलांना तिथे नुसते हिंडवून परत पाठवायचे नव्हते. त्यांची लेखी परीक्षा होती. परीक्षक मंडळात मोटारवाले हेन्री फोर्ड होते, कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन होते आणि दोनच वर्षांपूर्वी एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडलेले चार्ल्स लिंडबर्गही होते. प्रश्नपत्रिकेत भौतिकी, रसायन, गणित होतेच, पण भलतेच काही प्रश्नही होते. खोटे बोलणे केव्हा चालेल असे तुम्हाला वाटते? वाळवंटात तुमची तुकडी अडकली आहे, अन्नपाणी फक्त तिघांना पुरेल एवढे आहे, तर कोणाला वाचवाल?

सिएटलचा विल्बर ह्यूस्टन हा सोळा वर्षांचा मुलगा पहिला आला. त्याला कॉलेजच्या चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, तो एमआयटीत शिकला आणि पुढे नासात काम करू लागला. दुसऱ्या वर्षी, १९३०मध्ये, स्पर्धा पुन्हा झाली. १९३१च्या ऑक्टोबरात एडिसन वारले.

संशोधकाच्या खासगी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी जायचे, ही आज शाळांच्या सहलीइतकी सरावाची गोष्ट आहे. बस येते, रांग लागते, कुणी दादा किंवा ताई यंत्रे दाखवतात, ‘हात लावू नका’ची पाटी असते, शेवटी गटाचा फोटो निघतो. पण ही रीत मुळात विद्यार्थ्यांसाठी निघालेली नाही. तिचा माग काढत मागे गेले तर दिसते की संशोधकाने दार उघडले ते दर वेळी त्याला काही हवे होते म्हणून. कधी साक्षीदार, कधी आश्रयदाता राजा, कधी पैसा, कधी कामाला हात. आपल्या जुन्या घरांत पाहुण्याला ओसरीवर बसवत, आणि माजघरात जाई तो घरचा माणूस. प्रयोगशाळेच्या भेटीच्याही अशाच दोन परंपरा आहेत. ओसरीवरच्याने पाहायचे आणि थक्क व्हायचे, माजघरातल्याने हात लावायचा आणि चुकायचे. विद्यार्थी या दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर चारशे वर्षे उभा आहे.

बेटावरची घंटा

डेन्मार्कच्या राजाने १५७६मध्ये टायको ब्राहेला ह्वेन नावाचे एक बेट दिले. दुर्बिणीचा शोध लागायला अजून तीस-एक वर्षे होती. टायकोने तिथे उरानिबोर्ग हा वाडा बांधला आणि नुसत्या डोळ्यांनी ग्रहताऱ्यांची जागा मोजणारी प्रचंड यंत्रे घडवून घेतली. तळघरात भट्ट्या असलेली रसायनशाळा होती. पुढे बेटावर छापखाना आला, कागदाची गिरणीही आली. वरच्या मजल्यावरच्या लहान खोल्यांत तरुण साहाय्यक राहत. त्यांना विद्यार्थी म्हणा किंवा उमेदवार म्हणा. ते रात्रभर वेध घेत, दिवसा गणिते करत आणि टायकोच्या पंक्तीला जेवत.

त्या खोल्यांत घंटा होत्या आणि त्यांच्या तारा भिंतींतून खाली गेलेल्या होत्या. जेवणाच्या वेळी बाहेरचे पाहुणे असले की टायको कुणाला दिसू न देता कळ दाबी आणि एखाद्या साहाय्यकाचे नाव अगदी हळू पुटपुटे. थोड्या वेळात तो मुलगा दारात हजर होई आणि पाहुणे अवाक होत. एकाच भोजनगृहात भेटीच्या दोन्ही तऱ्हा होत्या. पाहुण्यांसाठी चमत्कार होता. तार कुठून जाते हे वरच्या खोलीतल्या मुलाला ठाऊक होते, कारण ती त्याच्या उशाशी येत होती.

१५९०च्या मार्चमध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स बेटावर येऊन गेला. त्याला वाडा दाखवला, यंत्रे दाखवली. राजाच्या भेटीने टायकोची प्रतिष्ठा वाढली. पण ह्वेनचे ज्ञान बाहेर पसरले ते वरच्या खोल्यांमधल्या मुलांमुळे. शेतकऱ्याचा मुलगा असलेला लाँगोमाँटेनस आठ वर्षे तिथे राहिला आणि पुढे कोपनहेगनला प्राध्यापक झाला. विलेम ब्लाऊ हा डच तरुण १५९५-९६च्या हिवाळ्यात येऊन यंत्रे आणि गोल घडवायला शिकला. काही वर्षांतच त्याच्या ॲम्स्टरडॅमच्या पेढीचे नकाशे युरोपभर विकले जाऊ लागले.

दार उघडे ठेवण्याचा धोकाही टायकोला इथेच कळला. १५८४मध्ये एका सरदाराच्या लवाजम्यातून रायमर्स उर्सुस नावाचा माणूस बेटावर आला. चार वर्षांनी त्याने विश्वरचनेची एक मांडणी छापली. ती टायकोच्या मांडणीशी फारच जुळत होती. आपले कागद चाळून यानेच ती चोरली, असा टायकोचा आरोप मरेपर्यंत कायम राहिला. आज प्रयोगशाळेच्या दारात मोबाइल काढून ठेवायला सांगतात. त्यामागची धास्ती उर्सुसच्या काळाइतकी जुनी आहे.

बॉइलच्या दारावरची पाटी

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पाहुण्याला नवेच काम मिळाले. रॉबर्ट बॉइलने रॉबर्ट हूकच्या मदतीने हवा उपसणारा पंप केला आणि काचेच्या पोकळ गोलात हवा नसताना काय घडते ते दाखवायला सुरुवात केली. पण एका माणसाने आपल्या घरात पाहिलेली गोष्ट बाकीच्यांनी खरी का मानावी? बॉइलचे उत्तर होते साक्षीदार. प्रयोगाच्या वेळी प्रतिष्ठित माणसे हजर असली आणि त्यांनी आपण हे पाहिले असे सांगितले, की प्रयोगाला कोर्टातल्या पुराव्याचे वजन येई. १६६०मध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने हीच रीत उचलली.

त्यामुळे पाहण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न आपोआप सामाजिक झाला. साक्षीला सभ्य गृहस्थ चालत. पंपाचा दांडा ओढणारा नोकर चालत नसे, मग त्याचा प्रत्यक्ष अनुभव कितीही असो. स्त्रियांना तर जवळजवळ प्रवेशच नव्हता. १६६७च्या मे महिन्यात मार्गारेट कॅव्हेंडिश ही डचेस सोसायटीत प्रयोग पाहायला आली तेव्हा गावभर चर्चा झाली.

बॉइल लंडनच्या पॉल मॉल भागात बहिणीच्या घरी राही आणि प्रयोगशाळाही तिथेच होती. त्याचे नाव इतके झाले की देशोदेशीचे प्रवासी लंडनचे एक प्रेक्षणीय स्थळ म्हणून त्याच्या घरी येऊ लागले. म्हातारपणी तो थकला. शेवटी त्याने जाहीर केले की मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी, तसेच बुधवारी आणि शनिवारी दुपारी कोणी येऊ नये. मंगळवार-शुक्रवार हे परदेशी टपालाचे दिवस होते. दारावर तशी पाटीही लागली. संस्थांच्या फाटकांवर आज दिसणाऱ्या भेटीच्या वेळांच्या फलकाचा हा एक जुना पूर्वज म्हणता येईल. आणि तो लागला तो पाहुणे फार झाले म्हणून. पाहुणा कामात अडथळा आणतो, ही तक्रार पाहुण्याइतकीच जुनी आहे.

माळ्यावरच्या दोन बाहुल्या

विद्यार्थ्याच्या भेटीची सगळ्यात सुरस कथा लंडनचीच आहे, आणि ती दोन पिढ्यांत घडते.

आजच्या बेल्जियममध्ये जन्मलेला आणि लंडनला स्थायिक झालेला जॉन जोसेफ मर्लिन हा अचाट कारागीर होता. चाकांचे बूट आणि बसल्या जागेवरून चालवता येणारी चाकांची खुर्ची ही त्याच्या करामतींतली दोन नावे. हॅनोव्हर स्क्वेअरजवळ त्याने आपल्या यंत्रांचे प्रदर्शन मांडले होते. पैसे भरून कुणीही ते पाहावे. साधारण १८००च्या सुमारास एक बाई आपल्या लहान मुलाला घेऊन तिथे आली. मुलगा प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचारपूस करत होता. ते पाहून म्हाताऱ्या मर्लिनने त्या दोघांना प्रदर्शनाच्या वर, माळ्यावरच्या आपल्या कामाच्या खोलीत नेले. तिथे चांदीच्या दोन स्त्रिया होत्या, प्रत्येकी फूटभर उंचीच्या. एक चालत होती आणि मधूनमधून चष्मा डोळ्यांशी नेत होती. दुसरी नाचत होती. तिच्या बोटावर एक पक्षी बसला होता, तो शेपटी हलवी, पंख फडफडवी आणि चोच उघडी.

तो मुलगा म्हणजे चार्ल्स बॅबेज. ही आठवण त्याने स्वतःच १८६४मध्ये आत्मचरित्रात लिहून ठेवली. मर्लिनने त्याला काही शिकवले नाही. फक्त खालच्या दालनातून वरच्या खोलीत नेले आणि तयार वस्तूच्या आधीची वस्तू दाखवली. पण प्रश्न विचारणारा मुलगा ओळखून त्याला आत घेणे ही भेटीच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे.

पुढे बॅबेज गणिती झाला. गणिती कोष्टकांतल्या चुकांनी वैतागून त्याने आकडेमोड करणारे यंत्र आखले, आणि १८३२मध्ये त्याचा एक भाग, सुमारे दोन हजार सुट्या भागांचा, बांधून तयार झाला. तो तुकडा डॉर्सेट स्ट्रीटवरच्या त्याच्या घरी ठेवलेला असे आणि शनिवारच्या संध्याकाळच्या मैफलींना येणाऱ्या पाहुण्यांना तो दाखवला जाई. १८३३च्या जूनमध्ये त्या घरी कवी बायरनची सतरा वर्षांची मुलगी एडा आईबरोबर आली. सोफिया फ्रेंड नावाची एक तरुणीही तिथे होती. तिने नंतर लिहिले की बाकीचे पाहुणे आरसा पहिल्यांदा पाहणाऱ्या रानटी माणसांसारखे यंत्राकडे बघत होते, पण एडाने त्याची चाल समजून घेतली आणि त्यातले सौंदर्य तिला दिसले.

एडाला ते कसे कळले, याचे उत्तर त्या दालनात नाही. आईने तिला लहानपणापासून गणिताच्या शिकवण्या लावल्या होत्या. म्हणजे यंत्रासमोर उभे राहण्यापूर्वी त्या यंत्राला लागणारे बरेचसे तिच्या डोक्यात होते. पुढच्या वर्षी मायलेकी इंग्लंडच्या कारखान्यांचा दौरा करून आल्या. छिद्रांच्या पत्त्यांवर नक्षी विणणारे जॅकार्ड माग तिथे त्यांनी पाहिले. १८४३मध्ये एडाने बॅबेजच्या पुढच्या यंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचे भाषांतर केले आणि त्याला टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाल्या. यंत्र आकड्यांखेरीज इतर चिन्हांवरही काम करू शकेल, हा विचार त्या टिपांत आहे. भेट एका संध्याकाळची होती. तिचे फळ दहा वर्षांनी आले.

या गोष्टीला एक विनोदी शेपूट आहे. १८३४मध्ये एका लिलावात बॅबेजला मर्लिनची ती नाचणारी चांदीची बाई पुन्हा सापडली. ३५ पौंड देऊन त्याने ती विकत घेतली, स्वतः दुरुस्त केली, तिला झगा शिवून घेतला आणि दिवाणखान्यात मांडली. शेजारच्या खोलीत गणनयंत्र होते. एका संध्याकाळी त्याला दिसले की इंग्लिश पाहुण्यांचा घोळका नाचणाऱ्या बाहुलीभोवती आहे आणि यंत्रापाशी फक्त दोन परदेशी माणसे उभी आहेत. त्याने हे आपल्या एका मित्राला मुद्दाम दाखवले. लहानपणी ज्या बाहुलीने त्याला कारागिरीची दीक्षा दिली, तीच बाहुली आता त्याच्या पाहुण्यांचे लक्ष विचलित करत होती. विज्ञान प्रदर्शनात आज मुले कुठे गर्दी करतात ते पाहिले की बॅबेजची चिडचिड समजते.

आन्नाची भांडी

याच काळात युरोपात दुसरीकडे विद्यार्थी थेट माजघरात पोचला होता, अगदी शब्दशः.

स्वीडनचा योन्स याकोब बर्झेलियस हा त्या काळचा रसायनशास्त्राचा सम्राट. १८२३मध्ये फ्रीडरिश व्योलर हा जर्मन तरुण त्याच्याकडे शिकायला स्टॉकहोमला गेला आणि जवळजवळ वर्षभर राहिला. जाताना त्याच्या मनात भव्य प्रयोगशाळेचे चित्र असणार. प्रत्यक्षात होत्या राहत्या घराला लागून दोन साध्या खोल्या. पाण्याचा नळ नाही, धूर ओढणारे धुराडे नाही. शेजारच्या स्वयंपाकघरात आन्ना नावाची बाई जेवण रांधत असे आणि तिथेच एक लहान भट्टीही होती. प्रयोगाची भांडी घासण्याचे कामही आन्नाकडेच. एकदा एका भांड्याला ऑक्सिम्युरिॲटिक ॲसिडचा वास येतो असे ती म्हणाली. त्या वायूत ऑक्सिजन नाही, तो स्वतंत्र मूलद्रव्य आहे, हे मत बर्झेलियसने नुकतेच नाइलाजाने स्वीकारले होते. तो तिला म्हणाला की यापुढे तसे म्हणायचे नाही, क्लोरीन म्हणायचे. युरोपभर गाजलेल्या वादाचा निकाल व्योलरने असा भांडी घासण्याच्या जागी ऐकला. नामांकित माणूस आपले मत कसे बदलतो, हे शिकायला व्याख्यानापेक्षा ती जागा बरी.

पण बर्झेलियसकडे एका वेळी एखाद-दुसराच विद्यार्थी मावे. हे दार रुंद केले युस्टुस लीबिखने. १८२४मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो जर्मनीतल्या गीसेन या छोट्या गावी प्राध्यापक म्हणून आला. जागा मिळाली ती जुन्या बराकींच्या पहाऱ्याच्या चौकीची. औषधशास्त्र आणि रसायन शिकवणारी संस्था काढायचा त्याचा बेत विद्यापीठाने मानला नाही, तेव्हा त्याने १८२६मध्ये ती खासगी म्हणून चालू केली. विद्यार्थ्यांच्या फीवर ती चाले.

तिथे व्याख्यान कमी आणि हातकाम जास्त होते. आधी ठरावीक पदार्थांचे पृथक्करण करायला शिकायचे, मग स्वतःचा प्रश्न घ्यायचा. रोज सकाळी प्रत्येकाने काल काय केले आणि आज काय करणार ते सांगायचे. १८३१मध्ये लीबिखने काचेच्या पाच फुग्यांचे एक उपकरण केले. पदार्थ जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यातल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई, आणि उपकरणाचे वजन किती वाढले यावरून त्या पदार्थात कार्बन किती ते कळे. आधी हे मोजमाप फक्त निष्णात माणसाला जमे. आता ते नवशिक्यालाही जमू लागले. विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत जागा मिळण्यात या काचेच्या फुग्यांचा वाटा कुठल्याही शैक्षणिक धोरणापेक्षा कमी नाही. उपकरण सोपे झाले, म्हणून दार उघडता आले. इंग्लंडपासून मेक्सिकोपर्यंतचे तरुण गीसेनला येऊ लागले. परत जाऊन त्यांनी आपापल्या देशांत तशाच प्रयोगशाळा काढल्या. विद्यार्थी पाहुणा न राहता कामकरी झाला आणि त्याच्या हातून खरे शोध लागू लागले.

आगगाडीने आलेली गर्दी

एडिसनने १८७६मध्ये न्यू जर्सीतल्या मेनलो पार्क या खेड्यात प्रयोगशाळा उभारली तेव्हा या दोन्ही परंपरा एकाच छपराखाली आल्या. लांबलचक, दुमजली, लाकडी इमारत. आत काम करणारी पोरे बहुतेक विशी-पंचविशीची. त्यातला फ्रान्सिस अप्टन जर्मनीत हेल्महोल्ट्झकडे शिकून आलेला गणिती होता, तर बरेचसे साधे कारागीर होते. रात्री उशिरापर्यंत काम चाले आणि ही मंडळी करता करता शिकत.

बाहेरच्यांसाठी मात्र मेनलो पार्क हा तमाशा होता, आणि तो एडिसनने समजून-उमजून मांडला होता. १८७७च्या फोनोग्राफनंतर वर्तमानपत्रे त्याला मेनलो पार्कचा जादूगार म्हणू लागली. विजेच्या दिव्यासाठी न्यूयॉर्कच्या भांडवलदारांचा पैसा लागला होता, त्यामुळे भांडवलदारांना आणि वर्तमानपत्रांना सतत काहीतरी दाखवावे लागे. ३१ डिसेंबर १८७९च्या रात्री त्याने लोकांना बोलावले. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने जादा गाड्या सोडल्या आणि हजारो माणसे दिव्यांनी उजळलेला तो परिसर पाहायला आली. कुणी दिवे चोरले, तारांना तार जोडून दिवे विझवण्याचा प्रयत्नही कुणी केला. काही दिवसांतच एडिसनला सर्वसाधारण लोकांसाठी दार बंद करावे लागले. वर्षभराने प्रसिद्ध फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट आली तेव्हा ते पुन्हा उघडले. साक्षीदाराची जागा आता प्रेक्षकाने घेतली होती, आणि प्रेक्षकाकडून हवे होते ते भाग-भांडवल आणि बोलबाला.

१८८७मध्ये एडिसनने वेस्ट ऑरेंजला आणखी मोठी प्रयोगशाळा बांधली. तिथे ४९ मुलगे आले ते साल १९२९. त्या परीक्षेकडे या इतिहासातून पाहिले की तिचे वेगळेपण लक्षात येते. मुलांना बोलावले होते ते त्यांच्यातून आपला वारसदार सापडावा या आशेने, म्हणजे भाव होता माजघराचा. पण त्यांच्या हाती पडली ती प्रश्नपत्रिका, आणि भोवती होते वार्ताहर आणि कॅमेरे. वारस शोधण्याचे कामही ओसरीवरच झाले. मुलींना तर आमंत्रणच नव्हते.

आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला, दिव्याच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त, हेन्री फोर्डने मिशिगनमधल्या डिअरबॉर्न इथे मेनलो पार्कची प्रयोगशाळा पुन्हा उभी करून तिचे उद्घाटन केले. जुने जे सापडले ते आणले होते, उरलेले हुबेहूब घडवले होते. न्यू जर्सीची लाल मातीसुद्धा वॅगनी भरून आणली होती. राष्ट्राध्यक्ष हूव्हर हजर होते. एडिसनने दिवा पेटवून दाखवला, आणि तो ज्या खुर्चीवर बसला ती फोर्डने जमिनीला खिळ्यांनी ठोकून टाकायला लावली. सगळे अगदी तंतोतंत आहे, फक्त आमची जमीन एवढी स्वच्छ कधीच नव्हती, असे एडिसन म्हणाल्याचा किस्सा सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, संग्रहालय झालेल्या प्रयोगशाळेचे तेच मर्म आहे. आज वेस्ट ऑरेंजची प्रयोगशाळाही राष्ट्रीय वारसा उद्यान आहे. दोन्ही ठिकाणी शाळांच्या सहली जातात. घाण, वास, फुटकी काच आणि फसलेला प्रयोग या चार गोष्टी मात्र तिथे दिसत नाहीत, आणि काम शिकायला त्याच लागतात.

ज्याला दार नव्हते

या सगळ्या हकिकतीत मुंबईचा एक मुलगा बसत नाही, म्हणूनच त्याची आठवण काढली पाहिजे. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७मध्ये मुंबईत झाला. त्या काळी मुंबईच्या मुलाला पाहायला जावे असा मर्लिनचा माळा नव्हता की गीसेनची चौकी नव्हती. यंत्रविद्या ते शिकले ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिक वाचून. मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमींचे मंडळ काढले, तऱ्हेतऱ्हेची उपकरणे केली आणि आपोआप वजन करून माल देणाऱ्या यंत्राबद्दल इंग्लंडमधल्या एका स्पर्धेत बक्षीस मिळवले. लंडनला गेल्यावर दादाभाई नौरोजींनी त्यांना मदतीचा हात दिला. छपाईचे खिळे ओतणारे त्यांचे यंत्र गाजले. पुढे सर रतन टाटांचे साहाय्य मिळाले आणि शेवटची अनेक वर्षे ते न्यूयॉर्कला राहिले. तिथेच १९३५मध्ये त्यांचे निधन झाले. भारताचे एडिसन म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

भिशांच्या आयुष्यात दाखवणे पुष्कळ होते. यंत्र दाखवायचे, भांडवलदाराला पटवायचे, पुन्हा दाखवायचे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांची परंपरा मात्र आपल्याला सांगता येत नाही. परक्या शहरात आणि उसन्या भांडवलावर काम करणाऱ्या संशोधकाला ओसरी सांभाळतानाच दमायला होते. माजघर उभारायला घर स्वतःचे लागते.

पुण्याची उलटी वाट

आपल्याकडे संशोधकाची खासगी प्रयोगशाळा हा प्रकार फारसा रुजला नाही. ते काम संस्थांनी केले. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून १९८७पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिवस झाला आणि वर्षातून एकदा मोठमोठ्या प्रयोगशाळांची दारे उघडू लागली. नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. घन पत्र्याऐवजी दोरखंडांवर ताणलेली तारांची जाळी, ही त्यांची युक्ती. वजन घटले आणि खर्चही घटला. विज्ञान दिनाला तिथे तालुक्यातल्या शाळांची गर्दी होते, आणि मुले नुसती बघायला येत नाहीत, स्वतःचे प्रयोग मांडायलाही येतात. पाहुणाच थोडा वेळ यजमान होतो. बॉइलच्या काळी ज्या माणसाची साक्ष कुणी घेतली नसती, त्याची नात तिथे टेबलामागे उभी राहून समजावून सांगत असते.

आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने तर ही परंपरा उलटीच केली. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीने उभ्या राहिलेल्या इमारतीत अरविंद गुप्ता यांनी २००३ ते २०१४ या काळात काम केले. ते खेळण्यांचे संशोधक. कच्चा माल म्हणजे आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, स्ट्रॉ, जुन्या चपला, रिकाम्या बाटल्या. शाळांचे गट तिथे येत आणि खेळणी स्वतः करत. लीबिखच्या काचेच्या फुग्यांनी रसायनाबाबत जे केले तेच इथे झाले. उपकरण इतके सोपे आणि स्वस्त केले की ‘हात लावू नका’ म्हणायला कारणच उरले नाही. मोडले तर दुसरे करा. शिवाय ते घरी नेता येते, आणि घरी नेलेली वस्तू धाकट्या भावंडाला दाखवताना मुलाला ती दुसऱ्यांदा समजते.

याच संस्थेचे संस्थापक जयंत नारळीकर यांचा एक नियम होता. व्याख्यानाला आलेली मुले सहीसाठी वही पुढे करत तेव्हा ते सही देत नसत. घरी जाऊन पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, म्हणत. उत्तर येई, आणि त्याखाली सही असे. सही मागणे हा ओसरीवरच्या पाहुण्याचा हक्क. तोच हक्क त्यांनी प्रश्नाच्या बदल्यात देऊ केला.

मर्लिनने ज्या मुलाला माळ्यावर नेले तो दर वस्तूपाशी थांबून विचारत होता. एडाला यंत्र कळले कारण गणित घेऊन ती आली होती. व्योलर आणि ब्लाऊ महिनोन्महिने राहायच्या तयारीने गेले होते. चारशे वर्षांत प्रयोगशाळेचे दार विद्यार्थ्याला किती उघडले, हे यजमानाच्या औदार्याइतकेच विद्यार्थ्याने सोबत काय आणले यावर ठरत आले आहे. तेव्हा सहलीची बस ठरवण्याआधी शाळेने एवढे करावे. प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न लिहून घ्यावा आणि ते प्रश्न प्रयोगशाळेला आठ दिवस आधी पाठवावेत. ज्या संशोधकाकडे त्यांतले पाच-सात प्रश्न मुलांच्या हातांनी सोडवून घ्यायला जागा आणि फुरसत असेल, त्याच्याकडे जावे. ज्याच्याकडे नसेल त्याची चित्रफीत वर्गात बसूनही पाहता येते.